पंखाची तीन हाडे आणि एक हाक

रानटर्कीच्या एका पंखात माझ्या कामाची तीन हाडे असतात. खांद्यापासून कोपरापर्यंतचे जाड हाड म्हणजे ह्यूमरस, आणि कोपराच्या पुढे शेजारी-शेजारी असलेली दोन म्हणजे अल्ना व रेडियस. अल्ना जाड आणि किंचित बाकदार असते, तर रेडियस पेन्सिलीहून बारीक आणि जवळपास सरळ. ही तिन्ही हाडे दोन्ही टोकांना कापून, आतून साफ करून एकात एक बसवली की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रुंदावत जाणारी आठ-दहा इंचांची नळी तयार होते, आणि तिचे बारीक टोक ओठांत धरून हवा आत ओढली की मादी टर्कीची हाक निघते. अमेरिकेतले शिकारी याला विंगबोन कॉल म्हणतात. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाल्यापासून शेजारच्या शिकाऱ्यांच्या संगतीत मला या कामाची गोडी लागली आणि आता हिवाळ्यातल्या बहुतेक संध्याकाळी मी कामाच्या बाकावर हाडे घासत बसलेला असतो.

हे कॉल आज बहुधा शोभेची वस्तू म्हणून पाहिले जातात. त्यांच्यावर सुईने कोरलेली चित्रे, गुंडाळलेले रंगीत दोरे आणि चकचकीत पॉलिश यांचीच चर्चा जास्त होते. माझे मत असे आहे की या कॉलचा जीव नळीच्या पोकळीत आणि दोन सांध्यांत असतो, आणि घडवणाऱ्याचा बहुतेक वेळ तिथेच गेला पाहिजे. बाकीची सजावट करायला माझी हरकत नाही, पण ती आवाज पक्का झाल्यानंतरची गोष्ट आहे.

मादीची हाक का, हे आधी सांगायला हवे. वसंत ऋतूत, विणीच्या हंगामात, नर टर्की पहाटे झाडावरूनच गडगडाटी आवाज काढतो. त्याला इथे गॉबल म्हणतात. निसर्गाचा नेम असा की नराने आवाज द्यायचा आणि माद्यांनी त्याच्याकडे जायचे. शिकारी हा नेम उलटा फिरवतो. तो मादीचा आवाज काढतो आणि नराने जागा सोडून आपल्याकडे यावे अशी वाट पाहतो. त्यामुळे अनुभवी नर दूरवर थांबून पिसारा फुलवून दाखवत राहतो आणि पुढे पाऊल टाकत नाही, हे नेहमीचेच आहे. अशा वेळी आवाज खरा असावा लागतो. मादीची जी नेहमीची हाक आहे, जिला येल्प म्हणतात, ती दोन स्वरांची असते. सुरुवात स्वच्छ आणि उंच, आणि लगेच आवाज मोडून खालच्या, खरखरीत स्वरावर उतरतो. हा मोड ज्या नळीतून येतो ती नळी जमली असे मी समजतो.

हाडे मिळवणे हाच पहिला अडसर असतो. या कामासाठी मादीची हाडे उत्तम मानली जातात, कारण ती बारीक असतात, त्यांची पोकळी अरुंद असते आणि थोड्या हवेत चटकन बोलतात. पण वसंत ऋतूतल्या शिकारीत बहुतेक राज्यांत फक्त नर, किंवा नियमाच्या भाषेत सांगायचे तर छातीवर दाढी असलेला पक्षी, मारण्याची परवानगी असते. छातीवर लोंबणाऱ्या ताठ केसांसारख्या पिसांच्या झुबक्याला दाढी म्हणतात; ती क्वचित एखाद्या मादीलाही असते. पेनसिल्व्हेनियात शरद ऋतूतल्या हंगामात नर-मादी दोन्ही चालतात, म्हणून माझ्याकडे मादीची हाडे येतात ती मुख्यतः नोव्हेंबरच्या सुमारास. ओळखीच्या शिकाऱ्यांना मी एवढेच सांगून ठेवले आहे की पंख फेकू नका आणि कोपरापाशी कुऱ्हाड चालवू नका. बरेच जण छातीचे आणि मांडीचे मांस काढून घेतात आणि पंख तसेच टाकून देतात, कारण त्यावर मांस थोडे आणि तेही चिवट असते.

दुकानात मिळणाऱ्या पाळीव टर्कीच्या हाडांबद्दल मला वारंवार विचारले जाते. ती वापरता येतात, पण फरक पडतो. पाळीव पक्षी काही महिन्यांचा असतानाच कापला जातो, त्यामुळे त्याची हाडे पुरती पक्व झालेली नसतात आणि टोकांकडे मऊ असतात. रानातला दोन-तीन वर्षांचा पक्षी रोज उंच झाडावर उडून बसतो, त्याचे हाड पातळ असूनही टणक असते आणि कापताना करवतीखाली त्याचा आवाजच वेगळा येतो. हात बसवण्यासाठी पाळीव पक्ष्याची हाडे घ्यावीत आणि रानातली जपून ठेवावीत, असे मी नव्याने शिकणाऱ्याला सुचवेन.

साफसफाईत घाई केली की हाड कायमचे बिघडते. मांस काढल्यावर हाडे पाण्यात भांडी घासायचा साबण घालून मंद आचेवर ठेवतात. खळखळून उकळल्यास हाडातली चरबी भिंतीत शिरते, आणि हाडाला लवचीकपणा देणारे कोलॅजन निघून जाऊन ते ठिसूळ होते. थोडे मऊ झाल्यावर दोन्ही टोके बारीक दातांच्या करवतीने कापतात. मी सोनाराकडे असते तशी पातळ पात्याची करवत वापरतो, कारण जाड पात्याने कड तडकते. टोके कापताच तिन्ही हाडांतला फरक समोर येतो. रेडियस आणि अल्ना यांच्या नळीत मगज असतो. तो तार, नळी साफ करायचे ब्रश आणि कोमट पाणी यांनी निघेपर्यंत काढावा लागतो. ह्यूमरसची गोष्ट निराळी आहे. पक्ष्याच्या शरीरातली हवेची पिशवी खांद्याजवळच्या एका छिद्रातून थेट या हाडात शिरलेली असते, म्हणून त्यात मगजाऐवजी हवा असते. मात्र दोन्ही टोकांकडे हाडाच्या बारीक काड्यांचे जाळे असते, जे उडताना पडणारा ताण पेलते. हे जाळे गोल कानशीने अलगद काढावे लागते. एक काडी जरी उरली तरी तिच्याशी हवा अडखळते आणि आवाजात एक चिरका फुसफुसाट येतो.

त्यानंतर हाडे काही दिवस साबणाच्या पाण्यात, पाणी बदलत ठेवावीत आणि चरबी गेल्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवावीत. कपडे पांढरे करायचे क्लोरीनचे ब्लीच अजिबात वापरू नये; ते हाड आतून खात राहते आणि वर्षभराने त्याचा भुगा होऊ लागतो. मला स्वतःला पांढरेफेक हाड फारसे आवडत नाही. किंचित पिवळसर राहिलेले, वापराने आणखी रंग धरत जाणारे हाड हातात अधिक चांगले वाटते.

अल्ना हातात घेऊन उजेडात फिरवली तर तिच्या मागच्या कडेला एका ओळीत बारीक उंचवटे दिसतात. पंखाची मोठी पिसे जिथे हाडाला घट्ट बांधलेली असतात त्या त्या जागी एकेक उंचवटा असतो. पुष्कळ कारागीर गुळगुळीत हाडाच्या हौसेने ते घासून टाकतात. मी ठेवतो. अंधारात, हातमोजे घातलेले असताना, कॉल कसा धरला आहे हे अंगठ्याला त्या उंचवट्यांवरून कळते, आणि पक्ष्याच्या उड्डाणाची एवढी खूण त्याच्या हाडावर राहू द्यावी असेही मला मनापासून वाटते.

आता जोडणी. रेडियसचे एक टोक गोलसर आणि दुसरे चपटे असते. चपटे टोक ओठांकडे येते, गोल टोक अल्नाच्या बारीक तोंडात जाते आणि अल्नाचे दुसरे टोक ह्यूमरसमध्ये. कोणतीही दोन हाडे एकमेकांत नेमकी बसत नाहीत, कारण एकाचा छेद गोल तर दुसऱ्याचा लंबगोल किंवा जरा त्रिकोणी असतो. इथे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आतल्या हाडाला घासून आकार द्यायचा, दुसरा म्हणजे त्यावर दोरा गुंडाळून फट भरायची. घासण्याची सवय लागली की भिंत पातळ होत जाते आणि अखेर चिरते, म्हणून मी घासणे कमीत कमी ठेवतो आणि मासेमारीच्या गळाच्या काठीवर गुंडाळतात तो बारीक नायलॉनचा दोरा वापरतो. रेडियस अल्नामध्ये किती आत जावा यालाही महत्त्व आहे. फार आत गेला तर दोन नळ्यांच्या मध्ये एक आंधळा कोनाडा तयार होतो आणि हवा तिथे घुटमळते. फार थोडा गेला तर सांधा हलतो.

गोंद लावण्याआधी सगळे कोरडे जोडून, फटींना मेण लावून आवाज घेऊन पाहावा. ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण गोंद वाळल्यावर फारसे काही करता येत नाही. आधी सांधे हवाबंद आहेत का ते पाहायचे. रुंद टोक तळहाताने घट्ट बंद करून बारीक टोकाने हवा ओढली, तर जीभ नळीला चिकटून राहिली पाहिजे. ती सुटली तर कुठून तरी हवा येते आहे. मग आवाज. तो नुसताच हवेचा असेल तर बहुधा ओठाकडची पोकळी फार रुंद आहे, आणि दुसरा रेडियस शोधणे हाच उपाय. आवाज उंच असून मोडत नसेल तर रेडियस किंचित पुढे-मागे सरकवून पाहतो, अल्ना तिच्या अक्षाभोवती थोडी फिरवून पाहतो, आणि तरीही जमले नाही तर दुसऱ्या पक्ष्याचा ह्यूमरस लावून पाहतो. एकाच पंखाची तिन्ही हाडे एकत्र ठेवावीत असा आग्रह काही जण धरतात. त्यामागची भावना मला समजते, परंतु नळीला त्याचे सोयरसुतक नसते. मादीचा रेडियस, मादीची अल्ना आणि नराचा मोठा ह्यूमरस असा मेळ मला कित्येकदा फार सुरेख लागला आहे. खालचा खरखरीत स्वर त्यात भरदार येतो.

आवाज पटल्यावरच इपॉक्सी लावतो, सांध्यावरून दोरा गुंडाळतो आणि त्यावर पुन्हा इपॉक्सीचा पातळ हात देतो. ओठांपासून थोड्या अंतरावर हाडाची किंवा लाकडाची एक छोटी चकती बसवतात, म्हणजे नळी दर वेळी ओठांत तेवढीच जाते. ज्यांचे ओठ जाड आहेत त्यांच्यासाठी ती जरा मागे लागते, म्हणून कोणासाठी कॉल घडवतो आहे हे ठाऊक असले तर चकती मी त्या माणसासमोर बसवतो. हाड घासताना मास्क लावावा आणि पॉलिशपेपर ओला ठेवावा. हाडाची धूळ पिठासारखी बारीक असते आणि फुप्फुसांना घातक ठरते. वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर घासले तर जळक्या केसांचा वास खोलीभर पसरतो तो वेगळाच.

वाजवण्याची रीत फुंकण्याच्या अगदी उलट आहे. ओठांचा चंबू करून, बारीक टोक त्यांच्या मध्यावर किंवा जरा कडेला टेकवून हवा आत ओढायची. लहान मुलाचा मुका घेताना होतो तसाच आवाज ओठांतून काढायचा असतो. कंप पावतात ते ओठ. हाड त्या कंपाला आकार देते. ओठ आवळले की स्वर चढतो, सैल केले की उतरतो, आणि येल्पमधला तो मोड ओठांच्या या बदलातूनच येतो. रुंद टोकाभोवती दोन्ही हातांची ओंजळ करून ती उघड-बंद केली की आवाजाला गोलाई येते आणि दिशाही देता येते. एकच छोटा, तुटक मुका घेतला तर क्लक, म्हणजे टर्कीचा एकेरी तुटक आवाज, निघतो. आणि शरद ऋतूत, पांगलेल्या थव्यातली त्या वर्षीची पिल्ले जी शिटीसारखी की-की-की अशी हाक घालतात, ती या नळीतून जितकी खरी निघते तितकी क्वचितच दुसऱ्या कॉलमधून निघते. घासून वाजवायचा लाकडी डबा, ज्याचे पेटंट आर्कान्सॉच्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये घेतले, तो शिकायला कितीतरी सोपा आहे आणि तोंडात टाळ्याला लावायची पातळ पडदी हात मोकळे ठेवते. तरीही दूरच्या डोंगरापर्यंत पोहोचणारा स्वच्छ आवाज हवा असेल तर मी हाडच उचलतो.

पक्ष्याच्याच हाडातून पक्ष्याचा आवाज काढण्याची कल्पना फार जुनी आहे. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ मध्ये सापडलेली, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची बासरी गिधाडाच्या रेडियसची आहे, म्हणजे मी ओठांकडे लावतो तेच हाड. त्याहून माझ्या कामाच्या जवळचा शोध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर इस्राएलमधल्या आयनान-मल्लाहा या १२,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत पाणपक्ष्यांच्या पंखांच्या हाडांची सात छोटी वाद्ये मिळाली, आणि त्यांची प्रतिकृती करून वाजवल्यावर ससाणा जातीच्या शिकारी पक्ष्यांच्या आवाजाशी जुळणारा सूर निघाला. पाणपक्ष्यांमधल्या लहान हाडाची निवड मुद्दाम केली असावी असे संशोधकांना वाटते, कारण तो सूर मोठ्या हाडातून निघाला नसता. हाड निवडतानाच आवाज निवडला जातो, हे त्या कारागिरांनाही ठाऊक होते.

अमेरिकेत या कॉलला छापील वाङ्मयात स्थान मिळाले ते चार्ल्स जॉर्डन या शिकाऱ्यामुळे. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची टिपणे एडवर्ड मॅकिलहेनी यांच्या हाती आली. लुइझियानातल्या टबॅस्को सॉसच्या घराण्यातले हे गृहस्थ स्वतः पक्ष्यांचे अभ्यासक होते आणि त्यांनी १९१४ मध्ये त्या टिपणांवरून रानटर्कीवरचे पुस्तक काढले. जॉर्डन पंखाच्या हाडाला बोरूच्या नळ्या जोडून कॉल करत. पुढे हीच नळी लेथवर लाकडातून काढली जाऊ लागली आणि तिला ट्रम्पेट असे नाव पडले. ट्रम्पेट सुबक असतो आणि हवा तितका एकसारखा करता येतो. माझ्या कपाटातही एक आहे, पण त्याच्यापाशी मन रमत नाही.

जॉर्डन यांच्या काळात रानटर्की संपण्याच्या वाटेवर होती. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे १९३० च्या दशकापर्यंत देशभरात सुमारे २ लाख पक्षी उरले होते असे मानले जाते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला मिळू लागला. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडण्याचे प्रयत्न फसले, आणि खरे यश आले ते १९५० च्या दशकापासून, जेव्हा तोफेने उडवायच्या जाळ्यांनी रानातलेच पक्षी पकडून दुसऱ्या रानात नेऊन सोडायला सुरुवात झाली. पुढे संख्या ६० लाखांच्या वर गेली. अलीकडे दक्षिणेकडच्या काही राज्यांत ती पुन्हा घटते आहे, आणि ही काळजीची गोष्ट आहे. माझ्या बाकावर येणारे प्रत्येक हाड त्या पुनर्वसनाच्या कष्टांतून आले आहे याचा मला विसर पडत नाही, म्हणून खराब झालेले तुकडेही मी चकत्या करण्यासाठी ठेवून देतो.

रानात पडलेले कोणतेही हाड उचलून कॉल करता येत नाही, हे नव्याने शिकणाऱ्याने नीट लक्षात ठेवावे. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार बगळे, घारी, ससाणे, घुबडे अशा शेकडो जातींचे पीस किंवा हाडसुद्धा परवान्याशिवाय जवळ बाळगणे गुन्हा आहे, मग पक्षी आपोआप मेलेला असला तरी. गरुडांसाठी १९४० पासून वेगळा आणि अधिक कडक कायदा आहे. मैदानी प्रदेशातल्या आदिवासी समाजांच्या धार्मिक विधींत गरुडाच्या हाडाच्या शिट्ट्यांना मान आहे. सरकारमान्य आदिवासी जमातींच्या नोंदणीकृत सदस्यांना कोलोरॅडोतल्या सरकारी भांडारातून परवान्यावर गरुडाचे अवयव मिळतात, इतरांना नाही. टर्की स्थलांतर करत नाही, त्यामुळे ती १९१८ च्या कायद्यात येत नाही आणि तिचे नियम राज्य ठरवते. मात्र पक्ष्याचे अवयव विकण्याबाबत राज्याराज्यांत फरक आहे. कॉल विकायचा असेल तर आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याला आधी विचारावे.

आणि आवाज जितका खरा, तितका धोका खरा. हंगामात सरकारी जंगलात हा कॉल वाजवणाऱ्याने पाठीशी आपल्या खांद्यांहून रुंद झाड ठेवावे आणि लाल, पांढरे किंवा निळे काहीही अंगावर घालू नये, कारण नराच्या डोक्याचे रंग नेमके तेच असतात. दुसरा माणूस दिसला तर हात हलवू नये, कॉल वाजवू नये. मोठ्याने माणसाच्या आवाजात बोलावे. कोणालाही कॉल देताना एवढे सांगितल्याशिवाय मी तो हातातून सोडत नाही.

निगा फारशी लागत नाही. वापरल्यावर नळीत थुंकी साचते, ती झटकून आत कोमट पाणी ओतावे आणि उभी ठेवून वाळवावी. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, कारण इपॉक्सी मऊ पडून सांधे सुटतात. थंडीत उघड्यावरून एकदम शेकोटीजवळ नेली तर हाडाला चीर पडू शकते. बारीक चीर पडलीच तर तिच्यावर पातळ सुपरग्लूचा थेंब सोडला की तो आपोआप आत ओढला जातो, आणि वाळल्यावर ओल्या पॉलिशपेपरने जरा घासले की पुन्हा हवा धरते.